एकच गाडी, दोन दुकानं, दोन भाव

मे महिन्यात बर्लिन-प्राग-व्हिएन्ना करून आलो तेव्हापासून कॉलेज रोडवर जो भेटतो तो विचारतो ट्रेनचं तिकीट एवढं स्वस्त कसं पडलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी डोक्यातून आयआरसीटीसी काढा. आपल्या पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट महिनाभर आधी काढलं काय नि आदल्या दिवशी काढलं काय, भाडं तेच, जीव फक्त सीट मिळते का यात अडकलेला. तिकडे उलटं आहे, वेटिंग लिस्ट वगैरे भानगड नाही, तिकीट मिळतं पण भाव विमानासारखा चढत जातो. स्वस्तातल्याला जर्मनीत श्पारप्राइस म्हणतात, ऑस्ट्रियात श्पारशीने, आणि ते त्या ठरलेल्या गाडीलाच चालतं, आपल्या चुकीने गाडी सुटली की पैसे गेले. शिवाय तिकीट म्हणजे सीट नव्हे. सीटचे बऱ्याच गाड्यांना वेगळे पैसे, नाही भरले तर जिथे रिकामं दिसेल तिथे बसा.

आता खरी गंमत. बर्लिन-प्राग ही एकच गाडी जर्मन रेल्वेही विकते आणि चेक रिपब्लिकची (प्राग त्यांचंच) रेल्वेही, तीच गाडी, तोच डबा, आणि भाव वेगळे! माझ्या तारखेला चेक वाल्यांच्या साइटवर जवळपास निम्म्यात होतं. त्यामुळे ज्या दोन देशांत जायचंय त्या दोन्हीकडच्या रेल्वेच्या साइट उघडून बघायच्या, मधल्या एजंट अ‍ॅपवर लगेच पैसे भरायचे नाहीत. स्टेशनांची नावं मात्र त्यांच्या भाषेत येतात. आईने तिकीट बघितलं आणि म्हणाली, "अगं आपण व्हिएन्नाला चाललोय ना, मग हे वीन कुठलं गाव काढलंस?"

दादा (मावसभाऊ, म्युनिकला असतो) म्हणत होता इंटररेल पास घे, म्हणजे एकाच पासवर बऱ्याच देशांच्या गाड्या. तो युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो, आपल्यासारख्या बाहेरच्यांना तसाच युरेल पास. दोनच लांबचे प्रवास होते म्हणून हिशोब बसला नाही, रोज गाडी बदलत फिरणार असाल तर बघा, पण फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला पास असला तरी रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे लागतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते व्हिसाने. स्वस्त तिकीट लवकर काढायचं आणि शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, वर अपॉइंटमेंट कधी मिळेल ते नशीब. व्हिसा नाकारला तर ही तिकिटं रद्दी. नवरा म्हणाला काढून टाक, होतंय ते होतंय. मी नाही काढलं. पासपोर्टवर शिक्का आल्यावरच काढलं, थोडं महाग पडलं पण झोप लागली.

आणि कार्ड! रात्री साडेदहाला तीन तिकिटं निवडली, नावं पासपोर्टप्रमाणे भरली, पेमेंट फेल. परत, परत फेल. मग आठवलं, २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपण चालू करायचे. ते चालू केलं, लिमिट वाढवली, ओटीपीची वाट बघितली, तोवर साइटने बाहेर काढलं आणि परत आत गेले तर तो भाव संपलेला. पुढच्या गाडीचं घेतलं, माणशी काही युरो जास्त. हे आधी दुपारीच करून ठेवा.

बर्लिनहून प्रागला जाताना गाडीत डाव्या बाजूला बसा. ड्रेस्डेन सोडलं की एल्ब नदी खिडकीला लागूनच येते, डोंगराचे कडे, छोटी गावं, आईने भडंगाची पिशवी उघडली ती तिथेच. पासपोर्ट तिने बर्लिनपासून हातात धरून ठेवलेला. टीसी आला, फोनवरचा कोड स्कॅन केला, पासपोर्टकडे बघितलंही नाही. बॉर्डर ओलांडल्यावर चेक टीसी आला तर हिने परत पुढे केला, त्याने हसून मान हलवली, आणि आई माझ्याकडे वळून, "अगं एकदा बघ तरी म्हणावं त्याला."