डावा हात

स्मरणिका समितीच्या पत्रात मला विषय दिला होता, 'व्यावसायिक बास्केटबॉलपटू म्हणून माझी जडणघडण'. वाचून बायको हसली. मी रेल्वेत कारकून होतो. अर्धा दिवस फायली, अर्धा दिवस मैदान. आमच्या वेळी बास्केटबॉलवर पोट भरायचं म्हणजे एवढंच, स्पोर्ट्स कोटा. जडणघडण मात्र या शाळेतली, म्हणून लिहितोय.

१९८५ साली मी नववीत होतो, उंची सहा फूट एक इंच. रामबागेतल्या आमच्या घराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचं. वर्गात शेवटचा बाक ठरलेला. इंदूरची पोरं 'ऊंट' म्हणायची. एकदा प्रार्थनेच्या रांगेतून पी.टी.च्या सरांनी मला बाहेर काढलं. वाटलं, आता छडी. त्यांनी हातात बॉल दिला. पार टक्कल पडलेला बॉल. पावसाळ्यात साबणासारखा निसटायचा.

पहिले तीन महिने सरांनी मला रिंगकडे बघूही दिलं नाही. उजवा हात चड्डीच्या पट्ट्यात खोचायचा आणि नुसत्या डाव्यानं ड्रिबल करायचं, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत पळायचं. सर एरवी शुद्ध मराठी बोलणारे, पण कोर्टवर उतरले की हिंदीच. "बाएँ से! अरे, बाएँ से!" मला राग यायचा. एवढा उंच मुलगा, रिंगखाली उभा केला की काम झालं, असं माझं साधं गणित होतं.

तीन गुणांची रेघ, म्हणजे जिच्याबाहेरून बास्केट केली की दोनाऐवजी तीन गुण, आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ साली आली. आमच्या कोर्टवर ती कुठून असणार? सरांनी सव्वासहा मीटर सुतळी मोजली, एक टोक रिंगच्या बरोबर खाली माझ्या हातात दिलं आणि स्वतः वाकून चुन्यानं कमान ओढत गेले. पावसानं ती धुऊन जायची. सर पुन्हा ओढायचे. पुढे रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये रंगानं आखलेली पक्की रेघ पाहिली, तेव्हा तिच्यावर पाय द्यायलाच जीव होईना.

रेल्वेच्या चाचणीला गेलो तर तिथे साडेसहा फुटांचे तिघे. त्यांच्यात आमचा ऊंट शेळी झाला. सेंटरची, म्हणजे रिंगखालच्या सगळ्यांत उंच गड्याची जागा गेली, हात हलवत परतलो. दुसऱ्या वर्षी फॉरवर्ड म्हणून, म्हणजे बाजूनं बॉल घेऊन रिंगकडे घुसणारा म्हणून घेतलं. बचाववाले मला उजवीकडे अडवायला टपलेले असायचे आणि मी डावीकडून निघून जायचो. अकरा वर्षं खेळलो. मग गुडघा गेला.

२६ जून २०१५. सकाळी पोहे खात टीव्ही लावला तर बातमी: सतनाम सिंगला अमेरिकेतल्या डॅलस मॅव्हरिक्स संघानं ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला पहिला भारतीय. पंजाबातल्या बल्लो के गावचा पोरगा, वडिलांची पिठाची गिरणी. लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये थेट फ्लोरिडाला गेलेला. सात फूट दोन इंच! (पुढे एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, आता तो कुस्तीच्या रिंगणात असतो. पण त्या सकाळी हे कुणाला माहीत होतं?)

मी सरांना फोन लावला. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डावा हात कसा आहे त्याचा?"

"पाहिला नाही, सर."

"मग बघ आणि सांग," म्हणाले, आणि फोन ठेवला.