प्ले स्टोअरबाहेरचं ॲप

लग्नसराई लागली की माझ्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात ठरलेली तक्रार येते. "दादा, पत्रिका उघडली आणि तेव्हापासून फोन बिघडलाय." व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरावरून आलेली फाइल, नाव लग्नपत्रिका, शेपटीला डॉट एपीके, म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप टाकायची फाइल. कधी ती आरटीओचं चलान असते, कधी बँकेची केवायसी. उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि माणूस मुहूर्त बघायच्या घाईत 'ओके, ओके' करत जातो. मग ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हाती. मी आधी नेट बंद करतो, सिम काढतो आणि दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लावून देतो. बाकीचं नंतर.

अशांना मी बजावतो, प्ले स्टोअरबाहेरचं काही घ्यायचं नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर मात्र एफ-ड्रॉइड आहे, प्ले स्टोअरबाहेरचं ॲप्सचं दुकान. पोरं हसतात, हसू देत. २०१० पासून चाललेलं हे दुकान फक्त मुक्त सॉफ्टवेअर ठेवतं. कोड सगळ्यांसमोर असतो आणि बहुतेक ॲप्स एफ-ड्रॉइडवाले स्वतःच त्या कोडवरून बांधून देतात. प्ले स्टोअरवर साधा पीडीएफ रीडर शोधून बघा: वरती जाहिरात, आत जाहिरात, वर आठवड्याचे पैसे. एफ-ड्रॉइडवरचा दिसायला ओबडधोबड, पण गप्प बसून पीडीएफ दाखवतो.

आणि मोठ्या दुकानात आहे म्हणजे माल चोख, असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये वेगवेगळ्या ॲप स्टोअर्सवर कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप्स सापडली. त्यातली ६०० बेकायदा होती.

सरळ वाट बुजवली की काय होतं, ते २०२२ मध्ये दिसलं. व्हिडिओ बघायचा व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्यांची साइट भारतात ब्लॉक झाली. ती उघडली नोव्हेंबरात. प्ले स्टोअरवर ॲप होतंच, पण कॉम्प्युटरवाल्यांनी काय करायचं? लोकांनी गूगल करून मिळेल तिथून उतरवलं. त्या काळात माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपात व्हीएलसीबरोबर ब्राउझरचा टूलबार आणि भलताच 'क्लीनर' घुसला होता. मूळ मालकाच्या दारात जाता आलं असतं तर ही पीडा आलीच नसती.

म्हणून गूगलचा नवा नियम मला खटकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पुढे अँड्रॉइडवर ॲप बाहेरून टाकायचं तरी बनवणाऱ्याने गूगलकडे ओळख नोंदवलेली हवी. असं झालं तर आपलं कामच संपेल, असं एफ-ड्रॉइडवाले म्हणाले. नंतर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने सांगितलंय. बघू. जाणकार कोण हे तेच ठरवणार.

पत्रिकेवरचा इलाज फोनमध्ये आधीपासून आहे. अँड्रॉइड ८ पासून बाहेरचं ॲप टाकायची मुभा प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक फोनमध्ये, मालकाला विचारून, मी व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजरची ती मुभा बंद करतो. मिनिटभराचं काम, त्याचे पैसे घेत नाही. माझ्या फोनवर ती फक्त एफ-ड्रॉइडला आहे.