तोरण्यावरचा आजचा दिवस

पहाटे साडेपाचला स्वारगेटहून आम्ही अकरा जण निघालो, वेल्ह्यात पोहे-चहा घेतला आणि चढायला लागलो. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १४०३ मीटर. सोंडेवर सावली जवळजवळ नाहीच, नऊलाच ऊन तापलं. बिनी दरवाजाच्या अलीकडे कातळाला रेलिंग आहे, तिथे आमच्यातल्या एका काकूंचे पाय थरथरायला लागले. वय ५८, पहिलाच ट्रेक. कुणीही घाई केली नाही. दोघं पुढे, दोघं मागे, "काकू, उजवा पाय त्या खोबणीत ठेवा," असं करत त्यांना वर घेतलं. दरवाजात पोचल्यावर त्यांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि मलाच भरून आलं.

मेंगाईच्या देवळात डबे उघडले. भाकरी, ठेचा, कांदा. मग झुंजार माचीकडे बघत बसलो. समोर राजगड लख्ख दिसत होता. तोरण्यावर सापडलेल्या धनातून महाराजांनी तो बांधला, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण दोन्ही गड एका नजरेत आले तेव्हा अंगावर काटा आला.

वर प्लॅस्टिकच्या बाटल्या फार आहेत, खरंच वाईट वाटतं. दोन पोती भरून खाली आणल्या.

आत्ता घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडले, तोच काकूंचा मेसेज: "पुढच्या रविवारी राजगड करूया का रे?"