संगीत घेतलं बारावीला

शनिवार, रात्री

आज दळणाच्या चक्कीवर एका काकूनं विचारलं, "कोणते विषय हायेत वं तुले?" मी सांगितलं मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र अन संगीत, तर बाकीचे विषय तिनं ऐकलेच नाही, "बरं हाय, आरामाचा विषय घेतला, गाणंच तं म्हणायचं हाय" एवढं बोलून पीठ घेऊन गेली. वाईट मनानं नाही बोलली ती, मला माहीत आहे. पण घरी आल्यावर वाटलं आज हे लिहूनच काढावं, कारण मला बारावीत सगळ्यात जास्त बसून अभ्यास कोणत्या विषयाचा करावा लागतो विचाराल तर तो संगीताचाच.

आता झपताल घ्या. दहा मात्रांचा, म्हणजे दहा ठोक्यांचा ताल, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. हातावर टाळी देऊन म्हणायला सगळ्यांना जमतं. पण पेपरात विचारतात दुगुन लिपीबद्ध करा, म्हणजे एका मात्रेत दोन बोल, मग दहा बोल पाचच मात्रांत संपतात, म्हणून एकदाच दुगुन करून समेवर, म्हणजे परत पहिल्या मात्रेवर, यायचं तर सहाव्या मात्रेपासून सुरू करावी लागते: धीना, धीधी, नाती, नाधी, धीना. लिहायला सोपं दिसते. पण तोंडानं म्हणताना आठव्या मात्रेवर हात टाळी देत असतो अन त्याच मात्रेत तोंडातून खालीचा, म्हणजे टाळी नसलेल्या भागाचा, "ती" येतो, हात एक सांगते तोंड दुसरं, आणि तिथंच सगळ्या वर्गाची गाडी अडते. मॅडम म्हणतात हात सोडायचा नाही, बोल चुकला तर चुकू दे. मी कापूस वेचताना हेच म्हणत असते, ओळीत वाकून दोन्ही हात कामात असतात म्हणून टाळी पायाच्या अंगठ्यानं देते. माय म्हणते काय पुटपुटून रायली वं. आता तिलाही पाठ झालं आहे.

अन राग. भूप आणि देशकार दोघांत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, मध्यम निषाद, म्हणजे म आणि नि, दोन्हीत नाही. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात, थाट म्हणजे स्वरांवरून पाडलेला रागांचा गट. अकरावीत मला हे पटतच नव्हतं, थाट ठरवणारा मध्यमच रागात नाही तर थाट ठरवला कशावरून? मॅडमनी उत्तर दिलं नाही, पेटी बंद केली, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं आणि भूप गायला लावला, ग वर येऊन थांबायचं, खालच्या अंगानं फिरायचं. मग तेच स्वर ध वर थांबून, वरच्या सा कडे तोंड करून. चालच बदलली. भूपाचा वादी म्हणजे मुख्य स्वर ग, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा ध, देशकाराचा बरोबर उलटा, एक रात्रीचा एक सकाळचा, हे गाईडमध्ये एका ओळीत आहे आणि मी ती ओळ कितीदा वाचली होती, पण कानाला कळलं तेव्हा कळलं. कल्याण अंगानं चालतो म्हणून भूप कल्याणात, हे त्यानंतर पटलं. अभ्यास म्हणतात तो हाच ना?

मला खरं सांगायचं आहे ते आबाजीचं, माझ्या आजोबांचं. आमच्याकडे मोझरी काही फार दूर नाही, तिथं तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात माणसं जातात येतात, गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीचं भजन मी पाळण्यात असल्यापासून ऐकते. आबाजी मंडळात गातात. त्यांना रागाचं नाव येत नाही, पण चाली इतक्या येतात की रात्रभर भजन चाललं तरी एक चाल दुसऱ्यांदा येणार नाही. मागच्या वर्षी मंडळातले एक म्हातारे बुवा गेले, आणि त्यांच्यासंगं त्यांच्या चाली गेल्या, कोणाकडे रेकॉर्डिंग नाही, कोणी लिहून ठेवलं नाही. शब्द वहीत आहेत. चाल नाही.

तेव्हापासून मी आबाजीच्या चाली लिहायला घेतल्या, भातखंडे पद्धतीत, म्हणजे स्वर खुणांनी लिहायच्या रीतीनं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तारेला म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब, एका मात्रेत जास्त स्वर असले की खालून अर्धचंद्र. आबाजी एक ओळ म्हणतात, मी लिहिते, मग वहीत पाहून त्यांना म्हणून दाखवते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते इतकंच बोलले, "म्या म्हटलं तसंच म्हणून रायली वं तू, पण कागद पाहून?" आणि मग स्वतःहून दुसरी चाल सुरू केली.

सगळंच लिहिता येते असं नाही. एका चालीत अंतऱ्याला ते असा निषाद लावतात की पेटीवर सापडत नाही, कोमलपेक्षा चढा अन शुद्धपेक्षा उतरलेला. मंडळाच्या पेटीवर दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या, दोन्ही खोट्या वाटतात. मी कोमल लिहून बाजूला टीप लिहिली, आबाजीकडून ऐकून घ्यावे.

ही पद्धत ज्यांच्या नावाची ते भातखंडे पेशानं वकील होते, देशभर फिरले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि लिहून ठेवल्या. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांची लहानपणी फटाक्यानं नजर अधू झाली तरी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, कुठं त्यांचं जन्मगाव कुरुंदवाड कुठं लाहोर! परीक्षेत दोघांवर टीपा येतात, पाठ करून लोक मोकळे होतात. पण आबाजीसमोर वही घेऊन बसल्यावर भातखंड्यांना काय काय करावं लागलं असेल ते मला वेगळंच समजलं. गाणारा माणूस दोनदा सारखं गात नाही, आता लिहायचं कोणतं?

काळजी एकच आहे. आमच्या कॉलेजात पुढच्या वर्षी पोरं कमी आली तर विषय बंद करायचं बोलणं चालू आहे. दहावीला गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून तोवर पालक पाठवतात, अकरावीत मात्र तेच म्हणतात याचा काय उपयोग, पोलीस भरतीचं पाहा. भरती तर मीही देणार आहे, विषय आडवा येत नाही. तालुक्याला जाऊन क्लास लावणं आमच्यासारख्यांना परवडणारं नाही, कॉलेजात आहे म्हणून मला मिळालं, नाही तर झपताल तोंडात आला असता पण वहीत कधीच आला नसता.

म्हणून आज संध्याकाळी दहावीतल्या दोघींच्या घरी जाऊन आले. भजनात दोघी चांगल्या गातात, एकीचा आवाज तर काळी पाचला, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीला, सहज जातो. आई-बाबांशी बोलले, वही दाखवली. सोमवारी शाळा सुटल्यावर आमच्या तासाला बसायला येतो म्हणाल्या, मॅडमना फोन करून सांगून ठेवलं आहे.