देवापुढे आणि माणसांपुढे

मी वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की तिथले काटे तपासायचे, गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर जायचं, एरवी किराणा दुकानं आणि आठवडी बाजार. मी शिक्का मारला म्हणजे या काट्यावर शेतकऱ्यानं आणि गिऱ्हाइकानं विश्वास ठेवायचा. तो शिक्का मारणारं मन आपल्या शाळेत आणि आमच्या चर्चमध्ये मिळून घडलं. मैदान, सहली, स्नेहसंमेलन यांविषयी शाळेच्या या स्मरणिकेत पुष्कळांनी लिहिलं असेल. मी याविषयी लिहितो.

आमचं घर मूळचं मिरजेचं. डॉ. वॉन्लेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्याच्या आधारानं जी ख्रिस्ती कुटुंबं स्थिरावली त्यांतलं एक. वडिलांची नोकरी सांगलीत, म्हणून मी आपल्या शाळेत आलो. वर्गात ख्रिस्ती मी एकटाच.

सांगली हे गणपतीचं गाव. शाळेत आरती झाली की प्रसाद वाटायचे. आमच्या घरात तो घ्यायचा नाही, असा शिरस्ता होता. आईनं बजावलं होतं, "नाही म्हणायचं, पण हात जोडून म्हणायचं. तोंड वाकडं करायचं नाही." पाचवीच्या बाईंनी माझी चलबिचल ओळखली. चारचौघांत त्यांनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, आईशी बोलल्या, चहा घेऊन गेल्या. त्यानंतर त्यांच्या वर्गात प्रसादाच्या वेळी "तू का घेत नाहीस?" असं मला कुणी विचारलं नाही. आपला विवेकभाव, म्हणजे बरंवाईट ओळखणारं मन, शुद्ध ठेवावा, हे मला चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवलं होतं. दुसऱ्याचा कसा जपायचा, हे बाईंच्या वागण्यातून शिकलो.

पुढे बायबलमधलं, प्रेषित पौलानं करिंथ इथल्या ख्रिस्ती लोकांना म्हणजे करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र नीट वाचलं. पौलापुढे नेमका हाच प्रश्न होता. बाजारात विकलं जातं ते मांस चौकशी न करता खा, असं तो सांगतो. पण हे मूर्तीपुढे ठेवलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी खाऊ नका. आमच्या चर्चच्या मंडळीत काहीजण प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. मी घेत नाही. पण घेणाऱ्याला मी विश्वासात कमी समजत नाही. आणि प्रसाद नाकारला की ख्रिस्तीपण सिद्ध झालं, असं मानणाऱ्यांचं मला पटत नाही. तोच माणूस सोमवारी दुकानात काटा मारत असेल, तर त्याच्या नकाराला काय अर्थ आहे?

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू होता. विज्ञानाचे सर वजनं चिमट्यानंच उचलायला लावत. बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो, म्हणत. काहीही ठेवण्याआधी रिकामी पारडी समतोल आहेत का, हे पाहायला लावत. नोकरीत आल्यावर कळलं, की निरीक्षकाची स्वतःची वजनंही ठरावीक मुदतीनं प्रयोगशाळेत नेऊन वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडून घ्यावी लागतात, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मनाचंही तसंच आहे. माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे, असं पौल लिहितो. "माझं मन मला खात नाही" असं छातीठोक सांगणारी माणसं मी चिकार पाहिली. त्यांच्या काट्यात फरक निघाला तरी त्यांना काही वाटत नसे. म्हणून झोपण्याआधी बायबलमधलं वचन वाचायचं आणि सगळा दिवस त्यापुढे मांडायचा, ही आईची सवय मी चालवतो.

कामात मला सर्वांत जास्त सोबत केली ती बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायानं. तराजू आणि वजनं खरी ठेवा, ही आज्ञा तिथे आहे. न्याय करताना गरिबाची भीड धरू नका आणि थोरामोठ्यांची तरफदारी करू नका, हेही तिथेच; आणि पीक कापताना सरवा गोरगरिबांसाठी शेतात राहू द्या, हेही तिथेच. आठवडी बाजारात एक आजी दगडानं भाजी तोलत. तो म्हणे अर्धा किलोचा. मी काट्यावर ठेवला तर जास्त भरला. "आजी, तुमचंच नुकसान होतंय," म्हटलं. त्या म्हणाल्या, "हूं दे की. गिऱ्हाईक परत येतंय न्हवं?" दगड तरीही काढून घ्यावा लागला, शिक्क्याचं वजन घ्यायला लावलं. मोठ्या व्यापाऱ्याला जो नियम, तोच त्यांना.

पाकिटंही पुढे यायची, दिवाळीत मिठाईच्या खोक्याखालून. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात रोमी सुभेदार फेलिक्ससमोर उभा राहून पौल म्हणतो, की देवापुढे आणि माणसांपुढे माझं मन निर्दोष राहावं म्हणून मी झटतो. त्याच अध्यायात पुढे आहे, की पौलाकडून पैसे मिळतील या आशेनं फेलिक्स त्याला वारंवार बोलावून घेई. पौल दोन वर्षं कैदेतच राहिला. बायबल ही किंमत लपवत नाही, याचा मला मोठा आधार वाटतो. एका मोठ्या काट्यातला फरक मी अहवालात जसाच्या तसा लिहिला आणि नंतर माझी लांब बदली झाली. मुलं, शाळा, आईचं आजारपण, सगळं पत्नीनं एकटीनं निभावलं. "एवढं कशाला ताणलंत?" असं तिनं एकदाही म्हटलं नाही. माझ्या शांत झोपेचा निम्मा खर्च तिनं सोसला आहे, हे इथे लिहिलंच पाहिजे.

विज्ञानाचे सर आता सांगलीतच विश्रामबागला असतात. नाताळच्या फराळाचा डबा घेऊन आम्ही दोघं जातो. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्यांनी विचारलं, "सगळे काटे बरोबर ठेवून आलास ना रे?" म्हटलं, "माझ्या शिक्क्याचे तरी, सर." पाचवीच्या बाई आता नाहीत. त्यांच्या घरचं कुणी ही स्मरणिका वाचत असेल, तर त्यांना माझा आणि माझ्या आईचा सलाम.