खालचा माणूस

बेळगावच्या टिळकवाडीत वॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फिरायला येणाऱ्यांना आता आमच्या ॲक्रोयोगाची, म्हणजे जोडीनं करायच्या कसरती योगाची, सवय झाली आहे. सुरुवातीला बायका थांबून कानडीत "निधान री!", म्हणजे "जरा जपून हो!" म्हणायच्या, आता नुसत्या हसून पुढं जातात.

ह्यात खाली तोलून धरणारा बेस, वर हवेत फ्लायर आणि शेजारी, कुणी पडलंच तर धरायला, स्पॉटर. आमचा बेस म्हणजे ह्यांचा मित्र, तालमीच्या मातीत वाढलेला पैलवान. फ्लायर मी. आणि स्पॉटर आमचे हे, हात पसरून, चेहऱ्यावर लग्नातल्यासारखा गंभीर भाव. कुणीही 'डाउन' म्हटलं की का-कू न करता उतरायचं. जेसन नेमर आणि जेनी सॉवर-क्लाइन यांनी २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोत हा प्रकार उभा केला. तिथून तो बेळगावात कसा पोचला ते मोबाइललाच ठाऊक.

पैलवान पाठीवर झोपतो, पाय वर करतो, पावलं माझ्या कमरेच्या हाडांना लावतो आणि मी आडवी, हवेत. त्याचे पाय सरळ, काटकोनात राहिले तर माझं वजन हाडांवरून थेट जमिनीत उतरतं. गुडघे जरा वाकले की मांड्या थरथरायला लागतात, मग दंड-बैठकांची सगळी पुण्याई अपुरी पडते. त्यात हा गडी आयुष्यभर समोरच्याला पाडायला शिकलेला!

माझं काम त्याहून अवघड, कारण मला काहीच करायचं नसतं. तळहातावर काठी उभी करताना तोल हात सांभाळतो. काठीच सावरायला लागली तर हातानं करायचं काय? फ्लायरनं ताठ राहायचं, सावरायचं बेसनं. दोघं एकदम सावरायला गेले की दोघंही डुगडुगतात. ज्या बाईनं वर्षानुवर्षं घरातला सगळा तोल आपणच सांभाळला, तिला "तू काही करू नको" हे पचायला वेळ लागतोच.

मध्यंतरी चोर्ला घाट चढून गोव्याहून एक जोडी आली होती. ती त्याच्या पावलांवरून वळत, उलटी होत, पुन्हा पहिल्या जागी यायची आणि तेच चक्र न थांबता परत सुरू. ह्याला वॉशिंग मशीन म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. पूर्वी मी तिच्याकडंच बघत बसले असते. लहानपणी गल्लीत डोंबारी यायचे तेव्हा आम्ही सगळी पोरं दोरीवरच्या मुलीकडं बघायचो. खाली ढोलकं वाजवत तिच्यावर नजर ठेवून असलेला बाप कुणाच्या गावीही नसायचा. आता मात्र माझे डोळे त्या गोव्याच्या गड्याच्या घोट्यांवर. घोटे सारखे हलत होते, इतके बारीक की शिकायला लागल्याशिवाय दिसूच नयेत. आणि उतरणं? चढण्याइतकंच सावकाश. आम्ही उतरतो म्हणजे बहुतेक वेळा पडायचं थोडक्यात राहतो.

पैलवान माझ्या कानाशी म्हणाला, "वैनी, ह्या बाईला वजनच नाही बगा."

तिनं ऐकलं. हसत त्याला झोपायला सांगितलं आणि त्याच्या पावलांवर सहज वर गेली. पैलवानाचे पाय जागचे हलले नाहीत. खाली उतरून तिनं आपलं वजन सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं चार किलो जास्त.

"व्हय?" म्हणून पैलवानानं माझ्याकडं जे बघितलं, त्यावर आमचे स्पॉटर पोट धरून हसत सुटले.