मुंकने कापलेली फळी

आजचा दिवस नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकचं १८९९ सालचं 'दोन माणसं. एकाकी' हे वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून छापलेलं चित्र, बघण्यातच गेला. समुद्राकडे तोंड करून पाठमोरे उभे असलेले एक पुरुष आणि एक स्त्री. नजर आधी जाते ती तिच्याभोवतीच्या कोऱ्या रेघेवर. ती कोरलेली नाही, तिथून करवत फिरली आहे!

रंगीत वुडकटला एरवी रंगागणिक वेगळी फळी लागते आणि कागद केसभर सरकला तरी रंग एकमेकांवर चढतात. मुंकने एकच फळी बारीक करवतीने कापली. स्त्री वेगळी, समुद्र वेगळा, किनारा वेगळा. पुरुष मात्र किनाऱ्याला जोडलेलाच ठेवला. तुकड्यातुकड्याला हवी ती शाई लावायची, तुकडे परत जुळवायचे आणि एकदाच छापायचं.

शाई पातळच लावावी लागते. जाड झाली की लाकडाच्या रेषा बुजतात, आणि त्याला तर त्याच हव्या होत्या. करवतीने खाल्लेल्या लाकडाएवढी फट कागदावर कोरी राहते. दुसऱ्या कुणी ती हाताने रंगवून झाकली असती. मला तर त्या दोघांमधलं सगळं अंतर त्या फटीतच दिसतं.

पुढे कितीतरी वर्षं याच तुकड्यांवर तो रंग बदलून बदलून छाप काढत राहिला.